मुदतीतला शिक्का

शिक्केकाकांचं खरं नाव फक्त पगाराच्या कागदावर असायचं. एकतीस वर्षं त्यांनी ऑफिसची आवक-जावक सांभाळली. संस्था बारा देशांनी मिळून काढलेली, नद्यांचं पाणी मोजणारी. तिच्या या शाखेत येणारा प्रत्येक कागद काकांच्या टेबलावरून जायचा, आणि काका त्यावर तारखेचा शिक्का असा हाणायचे की शेजारच्या कपातला चहा हिंदकळायचा. टेलिफोनवरच्या ऑपरेटरबाई म्हणायच्या, काकांना नवा जावई दाखवायला नेऊ नका, त्याच्या कपाळावरही ‘मिळाला’ उमटेल.

शिक्क्याचा नियम एकच होता, आपल्या कागदावर आपण शिक्का मारायचा नाही. नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात म्हाताऱ्या हेडक्लार्कनी तो सांगितला आणि काकांनी गाठीला बांधला. स्वतःचा साधा रजेचा अर्ज असला तरी काका शिक्का घेऊन साहेबांच्या खोलीत जायचे आणि त्यांच्या हातून मारून आणायचे. साहेब हसायचे, पण मारायचे.

पुढे एकेक देश अंग काढून घेऊ लागला आणि संस्था गुंडाळायचं ठरलं. पेन्शनची चिंता नव्हती, ती एका मोठ्या फंडाकडे आपोआप जाणार होती. औषधपाण्याच्या विम्याचं मात्र तसं नव्हतं. ज्याला तो पुढे चालू हवा त्याने फॉर्म भरायचा. तो पोचायला थोडा उशीर झाला तर चालेल, पण त्यावर त्या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंतचा शिक्का हवा.

या फॉर्मची गरज काकांइतकी कुणालाच नव्हती. काकूंना संधिवात होता. दर महिन्याला एक भारी इंजेक्शन घ्यावं लागे आणि ते विम्यातूनच मिळे. ते घेतलं की काकूंची बोटं माणसात यायची, स्वेटरची बटणं लागायची, सुईत दोरा जायचा. एक महिना चुकला की हाताच्या मुठी व्हायच्या.

काकांनी साठ जणांचे फॉर्म तपासले. ड्रायव्हरच्या बायकोची जन्मतारीख चुकली होती, ती दुरुस्त करून घेतली. झाडूवाल्या मावशी म्हणाल्या, मला काय धाड भरलीय, कशाला हवा विमा. तर त्यांना समोर बसवून सही घेतली. साठ शिक्के मारले. एकसष्टावा फॉर्म स्वतःचा. तो घेऊन ते साहेबांच्या खोलीकडे गेले, तर साहेब रजेवर, सोमवारी येणार.

शुक्रवारी दुपारी ऑपरेटरबाईंनी हात पुढे केला. “द्या इकडे, मी मारते. दुसऱ्याचा हात पाहिजे ना? हा दुसऱ्याचा हात.”

“तुम्हाला अधिकार नाही, बाई,” काका म्हणाले.

साहेब सज्जन आहेत, सोमवारी आले की शुक्रवारच्या तारखेचा शिक्का मारून देतील, असा हिशेब काकांनी मनात मांडला. सोमवारी साहेबांचा फोन आला. त्यांना दुसऱ्या देशात नोकरी लागली होती, ते परत येणारच नव्हते. सगळ्यांची विचारपूस केली, काकांची जास्तच.

काकांनी मुख्य कार्यालयाला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं: तक्रारी ऐकणारी समिती संस्थेबरोबरच बरखास्त झाली आहे. ऑफिसातल्या खुर्च्या एकावर एक रचून नेल्या, भिंतीवरची बारा घड्याळं उतरली. निरोपाच्या दिवशी सगळ्यांनी मिळून काकांना एक खोका दिला. आत तोच शिक्का, शाईच्या पॅडसकट. काका त्या दिवशी खूप हसले.

दोन महिन्यांनी ऑपरेटरबाईंचा फोन आला. इकडची तिकडची चौकशी झाल्यावर हळूच म्हणाल्या, शिक्का तुमच्याच घरी आहे, तारखेची चक्रं मागे फिरतात, आता कोण बघायला बसलंय.

काकांनी फॉर्म टेबलावर ठेवला. चक्रं फिरवत त्या शुक्रवारच्या तारखेवर आणली. एका कोऱ्या कागदावर मारून पाहिला, स्वच्छ उमटला. मग फॉर्मवर धरला आणि हात तसाच राहिला. काकू दारात उभ्या होत्या, दोन्ही मुठी पोटाशी धरून.

“मारू नका,” त्या म्हणाल्या.

“तुझ्यासाठीच तर...”

“आज मारलात, तर मग त्या शुक्रवारी का नाही मारलात, असं वाटेल मला. रोज वाटेल. आत्ता निदान म्हणता येतं, की तुम्हाला जमतच नाही.”

काकांनी शिक्का खोक्यात ठेवला. त्यांनी काकूंचं ऐकलं की आपल्याच हाताचं, हे त्यांना आजही सांगता येत नाही. मात्र साहेबांच्या बंद दारासमोर फॉर्म घेऊन उभं राहणं त्यांना रोज आठवतं, आणि ऑपरेटरबाईंचा पुढे केलेला हात.

आता महिन्यातून दोनदा ती दोघं सरकारी दवाखान्याच्या रांगेत असतात. तिथे ते इंजेक्शन नाही, गोळ्या आहेत. सकाळी गारठा असतो. काका कागदांची पिशवी काखेत धरतात आणि काकूंच्या स्वेटरची बटणं लावून देतात. वरचं बटण नेहमी चुकीच्या काजात जातं. काकू हनुवटी वर करून थांबतात, आणि काका पुन्हा पहिल्यापासून लावायला घेतात.