जानेवारीत फुटलेली टेंभुर्णी

आई, ते झाड तुम्हीच मारलंत.

बोलून टाकलं एकदाचं.

परवा गोंदियाला आई, म्हणजे माझ्या सासूबाई, गेल्या. मी इथे अमेरिकेत, ॲन आर्बरमध्ये. व्हिसा स्टॅम्पिंगचं घोंगडं भिजत पडलंय. गेले तर परत येता येईल की नाही, कोणी सांगत नाही. म्हणून अंत्यदर्शन व्हिडिओ कॉलवर. ऐन वेळी नेटवर्क गेलं. मी फोन सोफ्यावर आपटला आणि मग रडत बसले.

फेब्रुवारीत मंगेश गेला. माझा नवरा, त्यांचा एकुलता एक मुलगा. आता डिसेंबरात त्या.

तर ग्रुपवरच्या सगळ्यांना झाडाचं सांगते.

मंगेशला बोन्सायचा नाद होता. नाद कसला, खूळच. त्यातही पर्सिमन नावाच्या केशरी फळांच्या झाडाचं. माझ्या केकच्या ट्रेमध्ये काळ्या मुळ्यांचे तुकडे खोचून ठेवायचा.

"अगं, याच्या मुळीच्या तुकड्यातून नवं झाड येतं. मॅजिक आहे!"

"मॅजिक कर, पण माझा ट्रे दे."

त्यातलं एक वाढवून, वाकवून, छाटून त्यानं वीतभराचं देखणं झाड केलं. फळ धरायला नर झाड वेगळं लागतं, म्हणून बोन्साय क्लबमधला मित्र फुलांच्या दिवसांत स्वतःची कुंडी आणून आमच्याकडे ठेवायचा. मंगेश सगळ्यांना सांगायचा, "सोयरीक जमवतोय." सुपारीएवढी केशरी फळं लागली तेव्हा त्यानं तुम्हा सगळ्यांना फोटो पाठवून वात आणला होता. आठवत असेल.

मागच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये त्याचं दुखणं कळलं आणि आई आल्या.

आल्या आल्या झाडाचं पान बोटांत चोळून म्हणाल्या, "हे तं आपली टेंभुर्णी वो!"

मी पुण्याची. मला टेंभुर्णी म्हणजे सोलापूरच्या रस्त्यावरचं गाव. मंगेश हसला. म्हणाला, "बरोबर ओळखलंस आई. तिचीच लांबची बहीण." विडीची पानं ज्या झाडाची, त्याच गोतातलं हे. लहानपणी आई उन्हाळ्यात त्यांच्या आईबरोबर जंगलात ती पानं तोडायला जायच्या. त्या दिवसापासून आमच्या घरात पर्सिमन हा शब्द बंद झाला.

हिवाळ्यात पानं गळाली. मंगेशनं कुंडी गॅरेजमध्ये ठेवली, दरवर्षी ठेवायचा तशी. मग तो हॉस्पिटलमध्ये गेला.

जानेवारीत एक दिवस घरी आले तर कुंडी हॉलमध्ये. हीटरच्या व्हेंटशेजारी, खिडकीत.

"आई, हे काय?"

"गारठून राहिलं होतं ना बिचारं. तिथं कायले ठेवायचं?"

मला वाटलं, असू दे. लेकासाठी काही करता येत नाही, तर झाडाला तरी ऊब देताहेत.

थोड्या दिवसांत पालवी फुटली. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि आत कोवळी हिरवी पानं. आईंनी माझा फोन मागून घेतला आणि व्हिडिओ कॉलवर झाड मंगेशच्या डोळ्यांसमोर धरलं. "पाह्य रे, तुझी टेंभुर्णी फुटली!"

त्यानं फोन जवळ घेऊन एकेक पान बघितलं. मग म्हणाला, "छान झालंय आई."

संध्याकाळी मी त्याच्याजवळ गेले तेव्हा हळूच म्हणाला, "आता हे झाड जगत नाही, प्राची. त्याला थंडीतली झोप लागते. मध्येच उठवलं की संपतं."

"मग परत गॅरेजमध्ये ठेवते."

"आता थंडीत ठेवलंस तर लगेच जाईल. राहू दे. आईला बोलू नकोस. तिच्या हातून काहीतरी जगतंय असं वाटू दे तिला."

मला त्याचा भयंकर राग आला. त्याचं इतक्या वर्षांचं झाड! पण कोणाशी भांडणार? श्वास घ्यायला त्रास होणाऱ्या माणसाशी?

तो गेला. पाठोपाठ पानं पिवळी पडली, फांद्या वाळल्या.

परत निघण्याआधी आईंनी झाड कुंडीतून उपटलं, मुळीचा एक जाड तुकडा शोधून मातीत खोचला. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "पाणी देत जाजो."

जूनमध्ये त्यातून कोंब आला. दिवाळीच्या फोनवर मी त्यांना सांगितलं, की थंडी पडली, पानं गळाली, नुसती काडी उरलीय.

त्या म्हणाल्या, "आत नोको आणू वो तिले. झोपू दे."

मी विचारलं, "आई, तुम्हाला माहीत होतं?"

"जंगलाकाठी वाढली मी. झाड केव्हा झोपते, मले माहीत नसन?"

"मग तेव्हा का आणलंत आत?"

तिकडे फटाके वाजत होते. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही.

"डॉक्टर तुझ्याशी इंग्लिशमध्ये बोलत, पण तोंड तं मले दिसत होतं ना. उन्हाळा नव्हता दिसणार माझ्या पोराले. म्हणून पालवी आधीच काढली."

मग एकदम घाबरून त्यांनी विचारलं, "त्याले समजलं तं नाही ना, का झाड मरते म्हणून?"

मी म्हणाले, "नाही आई. खूश होता तो."

तो आमचा शेवटचा नीट झालेला फोन.

त्यानं मला सांगितलं होतं, तिला कळू देऊ नको. आईंना वाटत होतं, त्याला कळू नये. आणि मध्ये मी, दोन्हीकडचं गुपित दाबून बसलेली. आजही कळत नाही मी बरोबर वागले का. दोघांचाही राग येतो. दोघांचीही इतकी आठवण येते की घरात बसवत नाही.

म्हणून आज इथे, सगळ्यांसमोर सांगते.

आई, त्याला माहीत होतं. पालवी बघता क्षणीच कळलं होतं. तरी "छान झालंय" म्हणाला, तुमच्यासाठी.

बाहेर बर्फ पडतोय. काडी जिवंत आहे का मेलीय, ते एप्रिलशिवाय कळणार नाही. कुंडी गॅरेजमध्येच आहे. कितीही वाटलं तरी आत आणणार नाही.

झोपा आई आता.

तुमची सून,
प्राची