पडून झालेली जखम

उत्तर काश्मीरमधल्या एका चौकीवर आमची प्लाटून तैनात होती. देवदारांची रांग खाली संपत असे आणि चौकी तिच्या वर, उघड्या कड्यावर होती. मी तेव्हा नाईक होतो, एका सेक्शनचा कमांडर. सिपाही हिलाल माझ्या सेक्शनमध्ये होता. तो साक्रीकडचा, मी जळगावचा. कंपनीत खानदेशातले आम्ही दोघेच. पाळी संपल्यावर बंकरमध्ये मी मराठीत बोलत असे आणि तो अहिराणीत उत्तर देत असे.

"उस्ताद, तुम्ही जळगाववाला. बठ्ठं सोनं तुम्हनाकडेच शे. मना लगीनमा एक मुंदी द्या."

"सोनं दुकानदारांकडे असतं. आमच्या घरात डाळच असते."

"मंग डाळ द्या. वरण त व्हई."

त्याचे लग्न ठरले होते. सुट्टी मंजूर झाली होती. सुट्टीवर निघणाऱ्या माणसाला शेवटच्या आठवड्यात गस्तीवर पाठवू नये, असा आमच्याकडे अलिखित संकेत आहे. पण दोन जवान तापाने पडले होते. आदल्या संध्याकाळी मी गस्तीची नावे ठरवत असताना हिलाल स्वतःहून पुढे आला. मी त्याला घेतले.

पहाटे पावणेसहाला आम्ही नाल्याकडे उतरलो. तिथे रोज करायचे काम ठरलेले होते. पायवाट तपासायची, पलीकडच्या वस्तीवर नजर टाकायची, परत यायचे. नाल्याच्या वळणावर खडकामागून ग्रेनेड आला. पाठोपाठ गोळीबार. आम्ही आडोसा घेतला. हिलाल एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, नंबर दोन होता. तो मॅगझिन देत राहिला. त्याने एकदाही मागे पाहिले नाही. काही मिनिटांनी समोरून गोळीबार थांबला, माणसे जंगलात पसार झाली. तेव्हा मला त्याच्या कोटाच्या डाव्या खांद्यामागे ओला डाग दिसला.

"लागलंय तुला."

"माले माहीत शे."

नर्सिंग असिस्टंटने तिथेच कोट कापला. ग्रेनेडचे दोन तुकडे होते. एक त्याने काढला. दुसरा खोल होता, तिथे काढण्यासारखा नव्हता. अशा जखमेचा रिपोर्ट गेला की माणूस हेलिकॉप्टरने बेस हॉस्पिटलला जातो, आणि बरा होईपर्यंत त्याची सुट्टी थांबते. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

"उस्ताद, हॉस्पिटलमा गऊ त सुट्टी गई. सुट्टी गई त तारीख गई. पडनू म्हनीसन लिखी टाका."

"हे पडल्यासारखं दिसत नाही, हिलाल."

"कोटखाल कोन देखस?"

रेडिओवर कंपनीचा आवाज आला. "कॅज्युअल्टी रिपोर्ट दो. ओव्हर."

मी हिलालकडे पाहिले. त्याने मान हलवली.

"कॅज्युअल्टी निल. एक जवान फिसलके गिरा है. मामूली चोट. ओव्हर."

"निल कन्फर्म?"

"निल कन्फर्म. ओव्हर."

त्याच्या सर्व्हिस रेकॉर्डवर त्या दिवसाची एवढीच नोंद आहे: पडून झालेली जखम. शत्रूच्या कारवाईत जखमी होणाऱ्याला जे पराक्रम पदक मिळते, ते त्या नोंदीमुळे त्याला मिळाले नाही. त्याने कधी मागितलेही नाही. तो लग्न करून परत आला. पुढच्या पावसाळ्यात रसदीची गाडी खचलेल्या रस्त्यावरून नदीत गेली. हिलाल त्या गाडीत होता. त्याचा मृत्यू अपघाती म्हणून नोंदवला गेला, आणि ते खरेच होते.

मी हवालदार होऊन निवृत्त झालो. जळगावात राहतो. एका डाळ मिलच्या फाटकावर सुरक्षारक्षकांचा प्रमुख आहे. पत्नी वारली, मुलगी नाशिकला असते. दिवसभरात बोलण्याची वेळ फाटकावर येते, घरी येत नाही. अशा शांततेत माणूस स्वतःला पुन्हापुन्हा तपासतो. हिलालने विनंती केली हे खरे. पण तो सिपाही होता आणि रेडिओ माझ्या हातात होता. त्याच्या पश्चात ती नोंद दुरुस्त करणे माझेच काम होते. 'आता काय उपयोग' या एका वाक्याच्या आडोशाला मी वर्षानुवर्षे राहिलो.

सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनच्या कामासाठी गेलो असताना मी तिथल्या क्लार्कला विचारले. साक्षीदारांची प्रतिज्ञापत्रे असतील तर जुनी नोंद तपासली जाऊ शकते, असे त्याने सांगितले. मी माझे लिहून दिले. नर्सिंग असिस्टंट आता उत्तराखंडात शेती करतो, त्याने फोनवर एवढेच म्हटले, "भेजता हूँ. देर कर दी हमने." उरली वारसाची सही. तिच्याशिवाय अर्ज पुढे जाणार नव्हता.

वारस म्हणजे त्याची पत्नी रंजना. हिलाल गेल्यावर घरच्यांनी तिचा पाट त्याच्या धाकट्या भावाशी, भटूशी, लावून दिला होता. दिराशी लग्न झाल्यामुळे तिचा हक्क शाबूत आहे, असे क्लार्क म्हणाला. मला तेवढे पुरेसे वाटले. त्या घरात हे कसे ऐकले जाईल, याचा विचार मी केला नाही.

धुळ्याहून साक्री, आणि तिथून जीपने गाव. अंगणात मक्याची कणसे पसरली होती. भटूभाऊ आणि रंजनावहिनी कणसे सोलत बसले होते. मी नाव सांगितल्यावर भटूभाऊंनी हातातले कणीस खाली ठेवले.

"उस्ताद? त्याना उस्ताद?" त्यांनी खाटेवर जागा करून दिली. "इतला वरीसमा आज वाट सापडनी का भाऊ?"

मी माफी मागितली. मग कारण सांगितले. पदक, अर्ज, सही. भटूभाऊ ऐकत होते.

"गावमा पंधरा ऑगस्टले फौजीसना नावे वाचतस," ते म्हणाले. "हिलालनं नाव कोनी लेत नई. म्हनतस, तो त गाडीमा मेला." मग म्हणाले, "भेटाले पाहिजे त्याले. पन भाऊ, पदक लेवाले मी तठे काय म्हनीसन जाऊ? भाऊ म्हनीसन का नवरा म्हनीसन?"

या माणसाने भावाचे शेत कसले, आईवडिलांचे केले, भावाच्या पत्नीबरोबर संसार उभा केला. त्याच्या अंगणात मी भावाचा मोठेपणा घेऊन आलो होतो.

रंजनावहिनींनी विचारले, "लागनं कोठे व्हतं त्याले?"

मी माझ्या डाव्या खांद्यामागे हात नेऊन दाखवले.

"लगीनना पहिले?"

"हो. सुट्टी जाईल म्हणून त्याने पडलो असं लिहायला सांगितलं. तारीख चुकू नये म्हणून."

त्यांनी हातातले कणीस बाजूला ठेवले. मग म्हणाल्या, "माले बी पडनू म्हनीसनच सांगं. लगीननी हयद लावताना तो दचकना व्हता. बायका हासन्यात. फौजी शे आनि हयदले भ्यास!"

भटूभाऊ उठून उभे राहिले. "हयद मी रगडी व्हती," ते म्हणाले. "तो दचकना म्हनीसन अजून जोरमा रगडी. त्यानी माले एक शिवी दिधी आनि हासना."

ते गोठ्याकडे गेले. वहिनी कणसांकडे पाहत होत्या.

"मनाकरता दुखनं दपाडं त्यानी," त्या म्हणाल्या. "तुम्ही हाई सांगाले नको व्हतं. नई, सांगं ते बरं व्हयनं. माले समजत नई."

त्या क्षणी मी कागद पिशवीत ठेवून निघणार होतो. सही मागण्याचा अधिकार मला उरला आहे, असे वाटत नव्हते. भटूभाऊ तोंड धुऊन परत आले. त्यांनी माझ्याकडून अर्ज मागून घेतला आणि खाटेवर पसरला. वारा होता. त्यांनी दोन्ही तळव्यांनी कागद दाबून धरला.

"कर सही," ते पत्नीला म्हणाले.

वहिनींनी सही केली. पुढे 'मयताशी नाते' अशी ओळ होती. त्या थांबल्या. त्यांनी भटूभाऊंकडे पाहिले.

"लिख ना," ते म्हणाले. "जे व्हतं ते लिख."

त्यांनी 'पत्नी' असे लिहिले. शाई वाळेपर्यंत भटूभाऊंनी कागदावरचे हात काढले नाहीत.

अर्ज एकदा शंका काढून परत आला. मी उत्तर दिले. माझा रेडिओवरचा अहवाल खोटा होता, हे पुन्हा स्पष्ट लिहिले. पुढच्या वर्षी नोंद दुरुस्त झाल्याचे पत्र आले, आणि नंतर पदक. धुळ्याला छोटा कार्यक्रम झाला. अधिकाऱ्यांनी हिलालचे नाव पुकारले तेव्हा दोघेही बसून राहिले. मग वहिनींनी भटूभाऊंना कोपराने ढोसले.

"जाय. हयद रगडी तवय नई लाजना."

ते गेले. पदक त्यांनी दोन्ही हातांनी घेतले. अधिकाऱ्यांनी नाते विचारले असावे. त्यांचे उत्तर मला शेवटच्या रांगेत ऐकू आले नाही.

त्यांनी मला गावी चालण्याचा आग्रह केला. मी ड्यूटीचे कारण सांगितले आणि जळगावच्या बसमध्ये बसलो. नोंद दुरुस्त झाली म्हणून मी निर्दोष झालो, असे मानत नाही. त्या गाडीत हिलालबरोबर आणखी तिघे गेले. त्यांची नावे मी रोज सकाळी मनात घेतो, शेवटी त्याचे.

आणि तो मला नदीतून काढून काठावर ठेवलेला आठवत नाही. तो आठवतो सुट्टीवर निघालेल्या सकाळी, चौकीवरून उतरताना. पिठ्ठू एकाच, उजव्या खांद्यावर. वळणावर त्याला मला हात करायचा होता. डावा हात वर जात नव्हता. त्याने ओझे खाली ठेवले, उजवा हात वर केला, थोडा वेळ तसाच धरला. मग ओझे उचलले आणि लग्नाला गेला.