तिसरा दिवा

शिरूरजवळच्या कारखान्यात मी स्टोअरला होतो. तिथल्या विजेच्या पॅनेलवर तीन लाइनींचे तीन दिवे सारखेच मिणमिणायचे. एका सकाळी त्यातला एक विझला आणि उरलेले दोन झगझगले. मीही शहाणा, लगेच नवा बल्ब घेऊन गेलो.

दौंडहून एसटीनं येणारे वायरमन मामा टोपीला हात पुसत म्हणाले, "बल्ब चांगला हाय. त्याची लाईन कुठंतरी जमिनीला टेकलीया. मशिनी चालू ऱ्हात्यात, म्हणून कुणी बघत न्हाई. दुसरी टेकली, की भडका."

दुपारपर्यंत एकेक मशीन बंद करत त्यांनी पंपाची सोललेली केबल शोधली. दिवा परत मिणमिणला, तेव्हा म्हणाले, "दोन लई उजळले, की तिसऱ्याकडं बघावं."

त्या दिवाळीत घरी आम्ही दोघे थोरले भाऊ खिदळत होतो. मी मध्येच थांबलो आणि धाकट्याजवळ जाऊन बसलो.