टीव्ही गेमच्या डब्यातली लोखंडी पट्टी

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला सेमिनार होता. विषय आपला आपण निवडायचा, पंधरा मिनिटं बोलायचं, आणि त्यात नापास झालं की वर्ष थांबलं. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. वर्ष थांबलं असतं तर का थांबलं हे घरी समजावून सांगणं अवघड होतं. मी विषय घेतला एका जपानी कंपनीच्या व्हिडिओ गेमच्या यंत्रांचा इतिहास. कारण साधं होतं. त्या कंपनीचं सुरुवातीचं टीव्हीला जोडायचं यंत्र आमच्या घरी आहे, असं मी धरून चालले होते.

सरांना तसं सांगूनही टाकलं, "ओरिजिनल आणते सर."

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "टेंभुर्णीहून म्युझियम येऊन राह्यलं." तो जालना शहरातला, टेंभुर्णी माझं गाव. वर्ग हसला. मी लक्ष दिलं नाही, कारण माझ्याकडे वस्तू होती.

माहिती मिळायला वेळ लागला नाही. ही कंपनी आधी खेळायचे पत्ते छापायची. पुढे खिशात मावणारे छोटे गेम काढले, त्यातले काही दोन पडद्यांचे, डबीसारखे मिटणारे. मग टीव्हीला जोडून कॅसेट घालायचं यंत्र. मग चार सेलवर चालणारं, हातात धरायचं राखाडी यंत्र. बऱ्याच वर्षांनी पुन्हा दोन पडद्यांचं मिटणारं. आणि आता एकच यंत्र, घरी टीव्हीला लावा, बाहेर हातात घेऊन जा. मला त्यातली एक गोष्ट आवडली. या लोकांनी जुनी कल्पना फेकली नाही, दर वेळी उचलून दुसरीकडे बसवली. चारी दिशांना जायचं ते अधिकच्या खुणेचं बटणसुद्धा आधी खिशातल्या गेमवर आलं, मग टीव्हीच्या यंत्रावर.

सेमिनारच्या आधीच्या रविवारी गावी गेले. माझ्या वडलांचं, अप्पांचं, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या मोटारीत नवी तार भरून द्यायची, हा धंदा. अप्पांचं शिक्षण चौथीपर्यंत. त्यांची एक रीत आहे. मोटार उघडली की जळालेली तार ओढण्याआधी तिचे वेढे मोजायचे आणि आकडा खडूने भिंतीवर लिहायचा. न मोजता ओढली तर परत किती भरायची ते कोण सांगणार? दुकानाची एक भिंत अशी आकड्यांनी भरलेली आहे.

घरातला तो गेम काढला तर चालू होईना. अप्पांनी पेचकसने झाकण उघडलं. डबा जवळजवळ रिकामा निघाला. तळहातापेक्षा लहान, सर्किटचं एक हिरवं कार्ड, त्यावर मधोमध डांबराच्या थेंबासारखा काळा ठिपका. आणि तळाला दोन स्क्रूंनी आवळलेली एक लोखंडी पट्टी. तिला कुठलीच वायर जोडलेली नव्हती.

"हे कुण्या कंपनीचं न्हाई," अप्पा म्हणाले. "नंबर न्हाई, शिक्का न्हाई. हातात जड लागावं म्हणून पट्टी टाकली."

"तुम्हीच आणलं होतं की, ओरिजिनल म्हणून."

"दुकानदार बोलला, मी आणलं. तवा उघडून थोडंच पाह्यलं."

मी म्हणाले, "मग सांगते सरांना, एसटीत पडलं, फुटलं."

अप्पा तुटलेल्या वायरीला सोल्डरचा डाग देत होते. मान वर न करता म्हणाले, "उघडलं ना? मंग जे निघालं ते लिही. अंदाजानं भरलेली मोटार दोन दिवसांत परत येती."

सेमिनारला कंपनीचा इतिहास दहा मिनिटांत सांगून झाला. मग डबा टेबलावर ठेवला आणि अप्पांच्या पेचकसने सगळ्यांसमोर उघडला.

सर वाकून बघत म्हणाले, "हे तर बनावट आहे."

"हो सर. मी ओरिजिनल म्हणाले होते, ते चूक होतं."

"म्युझियम बंद," मागून आवाज आला.

मी पट्टी काढून टेबलावर ठेवली, काळा ठिपका दाखवला. मूळ यंत्रात या एका ठिपक्याच्या जागी किती वेगवेगळ्या चिप होत्या, त्याचा फोटो शेजारी धरला.

सर म्हणाले, "विषय कंपनीचा आहे. यात कंपनी कुठं आहे?"

"या बटणात, सर." मी गेमच्या रिमोटवरच्या अधिकच्या खुणेवर बोट ठेवलं. "कल्पना त्यांची आहे. आमच्या टेंभुर्णीत कंपनी एवढीच पोचली."

सरांनी रिमोट हातात घेतला, बटण चारी बाजूंनी दाबून पाहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

मार्क तिसऱ्या दिवशी लागले. माझ्या कागदावर लाल पेनने 'विषयांतर' लिहून मार्क कापले होते. उरलेले पास व्हायला पुरले. त्याच वर्षी मी पदवीधर झाले.

अप्पांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "विषयांतर म्हंजे?"

"विषय सोडून बोलले."

"आन् तरी पास?"

"हो."

"मंग बराबर हाय."

पुढच्या खेपेला दुकानात गेले तेव्हा भिंतीवर, मोटारींच्या आकड्यांमध्ये, त्यांच्या अक्षरात एक ओळ होती. 'टीव्ही गेम. कार्ड एक. पट्टी एक.'