माझ्या आदल्या दिवशी येऊन गेलेला उमेदवार

भुताखेतांचे किस्से मी आवडीने वाचतो, पण चहासोबत चिवडा खावा तसे. आम्ही बौद्ध, वडील शाळामास्तर, घरात अंगारे-धुपारे नाहीत की नवस नाहीत. त्यामुळे पुढचा प्रकार घडला तेव्हाही मी संशय घेतला तो माणसाचाच... तोही जवळच्या.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी फलटणचा. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून सांगलीत हळदीच्या पेठेमागे खोली घेऊन राहत होतो. सोबत दिलीप, तासगावकडचा. तोही डिप्लोमावाला, तोही बेकार.

तेव्हाचं अर्ज करणं म्हणजे काय, ते आताच्या मुलांना सांगून पटत नाही. बायोडाटा टाइप करून घ्यायचा, झेरॉक्सवर सही-शिक्का मिळावा म्हणून साहेबांच्या दारात ताटकळायचं, पाकीट टाकायचं आणि पोस्टमनची वाट बघायची. बहुतेक ठिकाणांहून साधा नकारही येत नसे. आला तर एकच — अनुभव हवा. नोकरीशिवाय अनुभव कुठून आणायचा, ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

शेवटी कुपवाडच्या एका फाउंड्रीतून बोलावणं आलं. आत गेलो, तर मॅनेजर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "तुम्ही परत कशाला आलात?"

"परत? सर, मी पहिल्यांदाच येतोय."

"काल याच खुर्चीत बसून नोकरी नको म्हणालात की. चेष्टा लावलीय का?"

मला वाटलं, दुसऱ्या कुणाशी गल्लत झाली असेल. पण पुढच्या महिन्यात पंपांच्या कारखान्यात तेच. तिथला म्हातारा वॉचमन गेटवरच म्हणाला, "आवं, काल तर माझ्यापाशी बसला हुता तुमी! फलटणचा हाय म्हनला. साहेबाला न्हाई म्हणून गेला आन् आज परत?"

फलटण ऐकलं आणि डोक्यात एकच नाव आलं — दिलीप. मुलाखतीची तारीख त्याला माहीत. उंची, अंगलट साधारण माझ्यासारखी. संध्याकाळी खोलीवर गेलो आणि सरळ विचारलं, "माझ्या नावानं तू जातोस का?"

"येडा झालास का रं? तुझी नोकरी घालवून मला काय मिळणार हाय?"

मला पटलं नाही. आमचा स्वयंपाक वेगळा झाला. पोस्टमन आला की मी दिलीपच्या आधी दारात पोचायचो, पत्रं ट्रंकेत कुलपात ठेवायचो. तो आंघोळीला गेला की त्याच्या पिशव्या चाचपायचो.

तिसरं बोलावणं आलं ते मी त्याला कळूच दिलं नाही. उलट, आदल्या दिवशी बहिणीच्या सुपारीचं निमित्त काढून त्याला फलटणला नेलं. दिवसभर नजरेआड होऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी आईनं शिवून घेतलेला नवा शर्ट घडी मोडून घातला आणि पहाटेच्या एसटीनं थेट कुपवाड गाठलं.

छोटं वर्कशॉप होतं, मालकीण एक वयस्कर बाई. मला बघून त्या हळहळल्या. "अहो, काल इतकं नीट सांगून गेलात म्हणून मी दुसऱ्याला घेतलं की."

"बाई... काल मी कसा होतो?"

"कसा म्हणजे? असेच. शर्टसुद्धा हाच."

बाहेर येऊन मी कारखान्याच्या भिंतीला टेकलो.

दिलीपची माफी मागितली. तो चिडला नाही. म्हणाला, "पुढल्या टायमाला आदल्या दिशी मी जाऊन गेटवर थांबतो. घावला की कानाखाली जाळच काढतो गड्या."

चौथं बोलावणं आलं, तेव्हा त्याप्रमाणे तो आदल्या दिवशी गेला. मी त्या दिवशी मुद्दाम फलटणला, वडिलांच्या समोर बसून राहिलो. संध्याकाळी खोलीवर परतलो, तर दिलीप बॅग भरत होता.

"आला होता?"

"व्हय."

"कोण होता?"

"तूच." माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "टपरीवर च्या प्यायलो आमी."

"काय म्हणाला?"

त्यानं बॅगेची चेन ओढली. तो पुण्याला गेला तो गेलाच. त्या मुलाखतीला मी गेलो नाही, त्यानंतर कुठे अर्जही केला नाही. फलटणला मोटर रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. बरं चाललंय. माझ्याआधी कुठे कुणी येऊन गेल्याचं पुन्हा कानावर आलं नाही.

मध्यंतरी दिलीपच्या मुलीचं लग्न झालं. मांडवात त्याला बाजूला घेऊन विचारलं, आता तरी सांग.

"तुझीच चौकशी करत हुता," तो म्हणाला. "म्हनला, सुनील अजून अर्ज करतोय व्हय रं? थांबव त्याला."

"कशासाठी?"

"ते न्हाई सांगितलं."

"मग एवढं सांगायला इतकी वर्षं लावलीस?"

दिलीप पाऊलभर मागे सरला. "सांज झाली आन् तू दारात आलास. तसाच आवाज, तसंच बघणं. सकाळी ज्याच्यासंगं च्या प्यायलो त्योच आलाय का तू, मला कळंना रं."

हे तो हसत म्हणाला असता तर मीही हसलो असतो. पण पंगतीत तो माझ्यापासून लांब बसला आणि जेवताना मान वर करून करून माझ्याकडेच बघत राहिला.

तो कोण होता, त्याला माझ्याकडून काय हवं होतं... आजही सांगता येत नाही. आणि दिलीपची खात्री कशी पटवायची, हेही नाही.