कंडक्टरसाहेबांचा गवई

"मी नाई म्हनत सर, थो म्हनते," असं म्हणून कंडक्टरसाहेब दोन्ही हात वर करायचे. हात वर करणाऱ्या माणसाच्या खिशाकडे आपलं लक्ष आधी जातं. तुमचंही गेलं असतं.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवायचो आणि निवृत्तीनंतर वऱ्हाडातल्या जुन्या गाण्यांचं पुस्तक तयार करत होतो. ते एस.टी.तून निवृत्त झालेले, राहणारे अकोल्याचे. दर मंगळवारी सकाळच्या गाडीनं यायचे, चपला दाराबाहेर काढायचे आणि पिशवीतून वही काढायचे. त्या वहीत एक गवई होता. पातूरची लेणी खोदली जात होती तेव्हाचा, गावोगाव फिरून गाणी रचणारा. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीचा माणूस, पण साहेब त्याच्याबद्दल शेजाऱ्यासारखं बोलत.

"पातुरात पाथरवटायपाशी राह्यला. मंग अकोल्याच्या अंगानं तेल्हाऱ्याले गेला. तिथं पाटलाच्या बायकोवर जीव बसला. पाटलाले समजलं, तसा पयाला थेट कौंडण्यपूरले."

पातूर, अकोला, तेल्हारा. साहेबांनी जन्मभर तिकिटं फाडली ती नेमकी याच रस्त्यांवर. कौंडण्यपूरलासुद्धा ते यात्रेच्या जादा गाड्यांवर जायचे.

"तुमचा गवई एस.टी.नं फिरायचा का हो?" मी विचारलं.

"रस्ता तर थोच हाय न सर," ते म्हणाले. हसले मात्र नाहीत.

मी पुरावा मागायचो. शिलालेख, ताम्रपट, निदान एखादी पोथी.

"गानं हाय न."

"कोण गातं?"

"कापूस वेचनाऱ्या बाया."

"नावं सांगा. मी जाऊन ऐकतो."

की हात वर! "नाव नाई सांगू शकत. पाटलाच्या बायकोचे गाने, सासरचे बोलतीन म्हनल्या. जबान देली हाय म्या."

सोयीची जबान, मी मनात म्हणालो. गाणी हेच रचतात आणि लोक हसतील म्हणून गवयाच्या नावावर खपवतात, याबद्दल मला शंका उरली नव्हती. फक्त चोरी पकडायची होती.

ती एका मंगळवारी पकडली. साहेब वाचत होते:

"गवई गेला वाटेनं, मागं वळून पाहेना,
डोळे कशानं भरले? म्हने मिरची साहेना."

ओळ चांगली होती, आणि म्हणूनच मी टेबलावर थाप मारली. "साहेब, मिरची आपल्याकडे आली पोर्तुगीजांबरोबर. तुमच्या गवयाच्या वेळी ती होतीच कुठे?"

त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. मग खऱ्या काळजीनं म्हणाले, "मंग त्यानं भाकर कायच्यासंग खाल्ली असन?"

मला हसू आलं आणि खरं सांगतो, त्यांच्याबद्दल मायाही वाटली. पुस्तकात गवई यावा एवढ्याचसाठी हा माणूस दोन वर्षं अकोल्याहून हेलपाटे घालत होता. म्हटलं, "मिरची काढा, मिरे घाला. सगळी गाणी छापतो. नाहीतर पुस्तकात गवई नाही."

त्यांनी वही मिटली.

"मिरची नाई निंघत सर."

"अहो, एका शब्दाचा प्रश्न आहे!"

"माहा असता तं दोन काढले असते."

एवढा हट्ट माणूस स्वतःच्या ओळीसाठीच करतो, असा मी निकाल दिला. ते पुढच्या मंगळवारी आले नाहीत. त्यानंतरही कधी आले नाहीत.

पुस्तक गवयाशिवाय निघालं. एक प्रत मी अकोल्याला पाठवली. त्यांच्या मुलाचा फोन आला. पुस्तक पोचलं होतं, पण बाबा दिवाळीतच गेले होते.

त्याच हिवाळ्यात तेल्हाऱ्याला एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. त्याला द्यायला पुस्तकाची प्रत पिशवीत होती. तो मला शेत दाखवायला घेऊन गेला. बाया कापूस वेचत होत्या, कमरेला ओटी बांधून, गात गात. मी बांधावरच थांबलो. गवई गेला वाटेनं.

मिरचीही आली.

माझा स्वभाव बघा. मी तिथेही सगळ्यांत म्हाताऱ्या बाईला विचारलं, "हे तुम्हाला कंडक्टरसाहेबांनी शिकवलं का?"

साऱ्या बाया हसल्या. "त्याईले? त्याईले तं चाल बी जमत नोती!" म्हातारी म्हणाली. "आमी त्याईच्या गाडीनं जात जावो. त्याईनंच आमच्यापासून लिहून नेले. लेण्या खोदल्या तवाच्या गवयाचे गाने हायत हे."

"आणि मिरची?"

"थे माह्या मायनं घातली. पह्यले काही दुसरंच होतं, मले नाई आठवत. मी त्याईले म्हनलं, बाकी काही बी करा, माह्या मायची मिरची काढू नोका. त्याईनं जबान देली."

मला माझी लाज वाटली. त्यांनी सगळं खरंच सांगितलं होतं. जे सांगितलं नाही, ते न सांगण्याचा शब्द दिला होता. आणि मी त्यांचा खिसा तपासत बसलो होतो.

म्हातारीनं ओटीतला कापूस गाठोड्यात रिकामा केला आणि माझ्याकडे वळली.

"पुस्तक निंघनार हाय म्हने त्याईचं. निंघालं काय हो?"

पुस्तक माझ्या पिशवीत होतं. मी पिशवीचं तोंड हातानं आवळून धरलं.