आप्पांनी ओळखलेलं भाल्याचं टोक

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, कुणाच्याही घरी गेले की आधी स्वयंपाकघरातल्या सुरीच्या धारेवरून अंगठा फिरवत. साताऱ्याच्या एका कारखान्यात त्यांनी आयुष्यभर टूलरूममध्ये हत्यारांना धार लावली होती. स्टुटगार्टला आमच्याकडे राहायला आले आणि आठवड्याभरात शेजारच्या जर्मन आजींच्या कात्र्याही त्यांच्याकडे यायला लागल्या. जर्मन एक अक्षर येत नव्हतं. "धारेला भाषा कशाला लागते?" म्हणायचे.

मी तेव्हा एका संग्रहालयात कंत्राटावर नोंदणीचं काम करत होते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझची, हजारो वर्षांपूर्वीची भाल्याची दोन दगडी टोकं माझ्याकडे होती. एक मोठं, रुंद, खांद्यांना काटे असलेलं. ते 'लो' नावाच्या प्रकारातलं, त्यात वाद नव्हता. दुसरं निम्म्या आकाराचं, अरुंद. आमच्या विभागप्रमुख बाईंनी तो नवाच प्रकार ठरवला होता. प्रदर्शनाची पाटी तयार होती, नोंदीवर माझी सही तेवढी बाकी होती.

घरी मी दोन्हींची मापांसकट चित्रं टेबलावर पसरली. आप्पा बराच वेळ बघत राहिले.

"अगं, हे एकच हत्यार आहे. एक नवं, एक वापरलेलं."

"आप्पा, आकार बघा ना."

"आकार सोड. दांड्यात बसणारा भाग बघ, दोन्हींचा सारखा. तिथं धार लावायला हात पोचत नाही. बाकीचं कमी झालंय. एका कडेचे टवके या अंगानं काढलेत, उलटं करून दुसऱ्या कडेचे तसेच. झिजल्यानं जात बदलत नाही."

मग त्यांनी साबणाच्या वडीतून मोठं टोक कोरलं आणि त्याच पद्धतीनं धार लावत गेले. अर्ध्या तासात समोर लहान टोक तयार होतं.

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना घेऊनच बाईंकडे गेले. त्यांनी ती वडी पाहिली आणि शांतपणे विचारलं, "हे पुरातत्त्वज्ञ आहेत का?"

मी भाषांतर केलं. आप्पा म्हणाले, "नाही म्हणून सांग. पण ज्यानं हे बनवलं तोही नव्हता."

सही केली नाही तर कंत्राट वाढणार नाही, असं मला सांगण्यात आलं. परतताना एस-बानमध्ये, तिथल्या लोकलमध्ये, मी म्हटलं, "नोकरी जाईल, आप्पा."

"जाईल," ते म्हणाले. "दुसरी बघू. चुकीच्या नोंदीवरचं नाव मात्र पुसता येत नाही."

मी सही केली नाही; आप्पांचं म्हणणं टिपून फायलीत तेवढं ठेवलं. वसंतात कंत्राट संपलं, दुसऱ्या कुणाच्या सहीनं पाटी तशीच लागली. आप्पा साताऱ्याला परतले आणि त्याच वर्षी दिवाळीनंतर वारले.

दोन वर्षांनी बेलीझमध्ये काम केलेला एक अभ्यासक तो संग्रह तपासायला आला. फायलीत राहिलेलं माझं टिपण त्यानं वाचलं, दोन्ही टोकं स्वतः मोजली आणि पाटी उतरवायला लावली. नवी नोंद करायला संग्रहालयानं मलाच बोलावलं. 'ओळख कुणी पटवली' या रकान्यात मी आप्पांचं नाव लिहिलं. शेजारी 'टिटेल'चा, म्हणजे पदवीचा, रकाना होता.

"डॉक्टर ना?" कारकून बाईंनी विचारलं.

"नाही. श्लायफर." म्हणजे धार लावणारा.

"असा टिटेल नसतो."

"आता आहे," मी म्हटलं आणि खाली सही केली.